नव्या गाडीची बॅटरी डाऊन झाली? धक्का मारण्याआधी हे वाचा, आणि पहिल्याच वेळी कागद करून घ्या

पाडव्याला गाडी दारात आली. हार घातला, नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. आठ-दहा दिवसांनी तालुक्याला जायला म्हणून चावी फिरवली, तर नुसता 'टिक टिक' आवाज. गाडी सेल्फच घेईना! मग काय, बघता बघता चार माणसे जमतात. एक म्हणतो धक्का मारा, दुसरा म्हणतो ट्रॅक्टर आणा, तिसरा म्हणतो शोरूमवाल्याने जुनी बॅटरी घालून फसवले.

यातले नेमके खरे काय, हे बॅटरी तपासल्याशिवाय कळत नाही. नव्या गाडीत बॅटरी खराब असण्यापेक्षा ती उतरलेली असण्याची शक्यता जास्त असते. पण ती का उतरली हे शोधले नाही, तर पंधरा दिवसांनी पुन्हा तीच सकाळ. आणि पहिल्या वेळची तक्रार कागदावर नसेल, तर वर्षभराने वॉरंटी मागताना हात रिकामे राहतात.

आधी खात्री करा: बॅटरीच आहे का?

बटण-स्टार्टच्या गाड्या घरात नव्या असतात. त्यामुळे 'गाडी बंद पडली' असे वाटते, पण चूक साधीच असते. गिअरची गाडी असेल तर क्लच पूर्ण दाबल्याशिवाय बटण-स्टार्टची गाडी सुरू होत नाही. ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'पी' किंवा 'एन'वर आणि ब्रेकवर पाय हवा. हे आधी बघावे.

दुसरी शंका चावीची. रिमोट चावीतला छोटा बटण-सेल संपला, तरी दार उघडत नाही आणि गाडी चावी ओळखत नाही. अशा वेळी चावीच्या आत लपवलेली लोखंडी चावी काढून दार उघडावे आणि रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबून पाहावे. काही गाड्यांत चावी ठेवायची जागा वेगळी असते, ती गाडीसोबतच्या पुस्तिकेत दाखवलेली असते.

आता बॅटरीची लक्षणे. हेडलाइट लावले तर मंद पिवळे लागतात, हॉर्न बसका वाजतो, चावी फिरवल्यावर डॅशबोर्डचे दिवे विझतात आणि 'टिक टिक टिक' आवाज येतो. असे असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची वायर ढिली आहे. बोनेट उघडून दोन्ही टर्मिनल हाताने हलवून पाहावीत. टर्मिनल हलत असेल तर १० नंबरच्या पान्याने आवळले की काम होऊ शकते. लाइट लख्ख, हॉर्न खणखणीत आणि तरीही सेल्फ घेत नसेल, तर दोष दुसरीकडे आहे. तिथे बॅटरीशी खेळत बसू नये.

घरात किंवा वायरमनकडे मल्टिमीटर असेल तर पक्के कळते. गाडी काही तास बंद उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, नीट चार्ज करत नाही असे समजावे. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो आणि आकडा थोडा वरखाली होतो, म्हणून शेवटचा निकाल वर्कशॉपच्या यंत्रावरच घ्यावा.

नव्या गाडीची बॅटरी उतरते कशी?

पहिले कारण गाडी विकत घेण्याआधीच घडलेले असते. गाडी कारखान्यातून निघाल्यावर यार्डात आणि शोरूममध्ये आठवडे, कधी महिने उभी राहते. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेसाठी तर साठा आधीच भरून ठेवलेला असतो. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, संगणक हे सारे थोडा थोडा करंट खात असते. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि तिची साठवण्याची ताकद कायमची कमी होते. अशी बॅटरी डिलिव्हरीच्या दिवशी चार्ज करून दिली, तर गाडी घरी व्यवस्थित येते आणि दहाव्या दिवशी बसते.

दुसरे कारण दारात उभी ठेवण्याचे. छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सर्रास असते. बंद गाडीचा खर्च ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. म्हणजे दोन आठवड्यांत जवळपास निम्मी बॅटरी रिकामी. मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला आणि गाडी गावाकडे गणपतीपर्यंत झाकून ठेवलेली असेल, तर ती बसणारच. त्यात ना बॅटरीचा दोष, ना शोरूमचा.

तिसरे कारण छोट्या फेऱ्या. घर ते मळा, मळा ते डेअरी, अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत सेल्फ मारताना गेलेला चार्ज भरूनच निघत नाही.

चौथे कारण बाहेरून बसवलेल्या वस्तू. मोठा स्पीकर, ॲम्प्लिफायर, एलईडी पट्ट्या, जादा हॉर्न, जीपीएस, गाडी बंद असतानाही चालणारा डॅशकॅम. यांची वायर थेट बॅटरीवर जोडली असेल तर त्या रात्रभर करंट ओढतात. साधा ५ वॉटचा आतला दिवा चालू राहिला तरी दहा तासांत ४ अँपिअर-अवर जातात. डिकीचे झाकण नीट न लागल्याने आतला दिवा चालू राहणे, हे तर नेहमीचेच. चावी अर्धी फिरवून तासन् तास गाणी लावून बसणे किंवा फवारणी पंपाची बॅटरी गाडीवर चार्ज करणे, यानेही तेच होते.

पाचवे कारण उंदीर. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या शेडमध्ये गाडी उभी असेल तर पावसाळ्यात आणि थंडीत उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. अर्धवट कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली की बॅटरी उतरते आणि आगीचाही धोका असतो. बोनेटखाली लेंड्या, गवत, कागदाचे तुकडे दिसले तर गाडी चालू करण्याचा आग्रह धरू नये.

गाडी नवी आहे, तर पहिला फोन कुणाला?

नव्या गाडीबरोबर बहुधा काही काळासाठी रस्त्यावरची मदत सेवा मिळालेली असते. तिचा नंबर काचेवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. काहींनी विम्यासोबतही ही सेवा घेतलेली असते, पॉलिसीत पाहावे. पहिला फोन तिथेच करावा, गावातल्या ओळखीच्या मेकॅनिकला नंतर. मदत येईल तेव्हा येईल, पण त्या फोनचा तक्रार क्रमांक मिळतो. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर गाडी बंद पडली, याची नोंद तिथे होते आणि हीच नोंद पुढे कामाला येते.

फोन लावायच्या आधी डॅशबोर्डचा फोटो, किलोमीटरचा आकडा आणि सेल्फचा 'टिक टिक' आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवावा. डॅशबोर्ड बंदच असेल तर तोही व्हिडिओ चालतो.

घरात बाळंतपण, साप चावणे, छातीत दुखणे असा प्रसंग असेल तर गाडीशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. आधी १०८ला फोन करावा, शेजारची गाडी बोलवावी. बॅटरीचे नंतर बघता येते.

जंप स्टार्ट करायचेच असेल तर

मदत सेवा लांब असेल आणि पुस्तिकेत जंप स्टार्टला परवानगी असेल, तर दुसऱ्या १२ व्होल्टच्या गाडीवरून चार्ज देता येतो. जाड जंपर केबल हवी. घरातली लाइटची वायर वितळते.

बॅटरी फुगलेली, फुटलेली, गळत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर हात लावू नये. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून जवळ विडी-सिगारेट नको, पोरांची गर्दी नको. सीएनजी गाडीत गॅसचा वास येत असेल तर काहीच करू नये. ॲसिड डोळ्यात गेले तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे आणि दवाखाना गाठावा.

जोडण्याचा क्रम असा:

१. दोन्ही गाड्या जवळ घ्याव्यात, पण पत्रे एकमेकांना टेकू देऊ नयेत. दोन्ही इंजिने, लाइट, एसी बंद. हँडब्रेक ओढलेला.

२. लाल केबलचे एक टोक बंद गाडीच्या प्लसला.

३. लाल केबलचे दुसरे टोक चालू गाडीच्या प्लसला.

४. काळ्या केबलचे एक टोक चालू गाडीच्या मायनसला.

५. काळ्या केबलचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला. शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडू नये म्हणून हे. काही गाड्यांत त्यासाठी अर्थिंगची जागा ठरवून दिलेली असते. मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल तर तिथे चिमटा लावू नये.

६. दुसरी गाडी चालू करून पाच मिनिटे थांबावे, मग बंद गाडीला सेल्फ मारावा. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही.

७. गाडी चालू झाली की केबल उलट्या क्रमाने काढाव्यात.

ट्रॅक्टरवरून चार्ज द्यायचा तर आधी त्याची बॅटरी १२ व्होल्टची आहे का पाहावे. जुन्या ट्रॅक्टरचे चार्जिंग कधी कधी बेभरवशाचे असते, म्हणून त्याचे इंजिन बंद ठेवूनच केबल दहा मिनिटे जोडावी.

या चुका नव्या गाडीला महागात पडतात

ट्रक किंवा एसटीवरून चार्ज घेणे. मोठ्या वाहनांत २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्टच्या गाडीला ते दिले तर संगणक, म्युझिक सिस्टिम, एअरबॅगचे युनिट जळू शकते.

धक्का स्टार्ट. ऑटोमॅटिक आणि क्लच पेडल नसलेल्या गाड्या धक्क्याने सुरू होत नाहीत. बटण-स्टार्टच्या गाडीत बॅटरी पूर्ण बसली असेल तर संगणकच जागा होत नाही. गिअरच्या पेट्रोल गाडीत न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो. शिवाय इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड आणि ब्रेक कडक असतो. उतारावर गाडी सोडली आणि ती थांबलीच नाही, तर जीवावर बेतते.

चालू गाडीची बॅटरीची वायर काढून 'डायनामो चार्ज करतोय का' पाहणे. जुन्या जीपला हे चालून जात होते. आताच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळते आणि हजारो रुपयांचे युनिट जाते.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणून जोडणे. ती सावकाश करंट देण्यासाठी बनवलेली असते, सेल्फचा झटका देण्यासाठी नाही.

सीलबंद बॅटरी फोडून पाणी घालणे. झाकणे असलेल्या बॅटरीतही फक्त डिस्टिल्ड वॉटर चालते, विहिरीचे किंवा फिल्टरचे नाही.

इलेक्ट्रिक गाडीलाही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. तिथे नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावायचा नाही, कंपनीलाच बोलवायचे. हायब्रिड गाडीचेही तेच, आणि तिच्यावरून दुसऱ्या गाडीला चार्जही देऊ नये.

गाडी चालू झाली, पण काम संपले नाही

जंप देऊन गाडी चालू झाली की बहुतेक जण तो विषय सोडून देतात. खरी चूक इथे होते. चालू झाल्यावर अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. दारात उभी ठेवून रेस करण्याने फारसे भरत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी डायनामोवर पुरती भरत नाही, तिला चार्जरवर सावकाश भरावे लागते. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. 'तासाभरात फुल्ल करून देतो' म्हणत जास्त करंट सोडणाऱ्याकडे नवी बॅटरी देऊ नये.

आणि त्याच आठवड्यात गाडी अधिकृत वर्कशॉपला न्यावी.

वर्कशॉपमध्ये काय मागायचे?

काउंटरवर तोंडी सांगून गाडी सोडू नये. जॉब कार्ड बनवून घ्यावे आणि त्यात तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावावी. उदाहरणार्थ: 'गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सेल्फ घेत नाही. दहा दिवसांत दुसऱ्यांदा झाले.' अनेकदा जॉब कार्डवर नुसते 'जनरल चेकअप' लिहिले जाते. तसे असेल तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्यावे.

तीन गोष्टी मागाव्यात. एक, बॅटरी टेस्टरचा छापील निकाल. दोन, चार्जिंगचे व्होल्टेज. तीन, गाडी बंद असताना किती करंट जातो याची मोजणी. ही तिसरी मोजणी करताना संगणक झोपेपर्यंत बराच वेळ थांबावे लागते, म्हणून वर्कशॉपमध्ये ती टाळली जाते. पण 'बॅटरी चार्ज केली, आता ओके आहे' एवढ्यावर गाडी परत घेतली, तर कारण तसेच राहते.

बॅटरीवरची निर्मितीची तारीख आणि आरसीवरचा गाडीच्या निर्मितीचा महिना-वर्ष यांचा फोटो काढून ठेवावा. बॅटरी गाडीपेक्षा बरीच जुनी असेल तर कारण लेखी विचारावे.

वॉरंटी पुस्तिका वाचावी. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत बॅटरी आणि टायरची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची, असे वेगळे लिहिलेले असते. म्हणून 'हे आमच्याकडे येत नाही, बॅटरी कंपनीकडे जा' असे उत्तर मिळते. डिलिव्हरीच्या कागदांत बॅटरीचे वॉरंटी कार्ड, तिचा नंबर आणि तारीख आहे का, हे आधीच तपासावे. बाहेर वायर कापून काही बसवले असेल तर त्यावर बोट ठेवले जाते. ते लपवू नये, पण ती वस्तू काढून पुन्हा मोजणी करा, असा आग्रह धरावा.

वर्कशॉपमधून निघताना जॉब कार्डची प्रत, बिल शून्य रुपयांचे असले तरी ते, आणि बदललेल्या भागाची नोंद सोबत घ्यावी. पहिल्या महिन्यात बॅटरी तीनदा बसली आणि एकही कागद नाही, तर वर्षभराने मालक सांगतो ते कुणी मानत नाही. तीन जॉब कार्ड असतील तर मानावेच लागते.

दाद कुठे मागायची?

वर्कशॉपने टोलवाटोलवी केली तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करावा, किंवा डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टने पत्र पाठवून पावती जपावी. तरी उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तिकडे जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये आणि १० ते २० लाखांना ४०० रुपये फी आहे. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणत ती निघून जाऊ देऊ नये.

जुनी गाडी नव्याने घेतली असेल तर

वापरलेली गाडी घेताना बॅटरी आधी पाहावी. आपल्याकडच्या उन्हात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. तारीख त्याच्या पलीकडची असेल तर नव्या बॅटरीचे पैसे सौद्यातच कमी करून घ्यावेत. बॅटरी अलीकडची असेल तर आधीच्या मालकाकडून बिल आणि वॉरंटी कार्ड मागून घ्यावे. गाडी पाहायला जाताना 'आधी चालू करून ठेवू नका' असे सांगावे. थंड गाडीने पहिला सेल्फ कसा घेतला, यावरून बरेच कळते.

बदललेली जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नये. तिच्यातले शिसे आणि ॲसिड माती-पाणी नासवतात, लहान मुलांना तर शिसे फारच घातक. नवी बॅटरी देणारा दुकानदार जुनी परत घेतो आणि तिचे पैसे बिलातून वजा करतो.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवावी. महिनाभर उभी राहणार असेल तर पुस्तिका पाहून मायनस टर्मिनल काढून ठेवावे. काढताना मायनस आधी, जोडताना प्लस आधी. नंतर घड्याळ, काचांची सेटिंग पुन्हा करावी लागते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर पुसून घ्यावी. गाडी बंद करण्याआधी लाइट आणि एसी बंद करावेत, दारे-डिकी नीट लागली का पाहावे. सामान बसवायचे तर वॉरंटीत मान्य असलेलेच बसवावे.

आणि नवी गाडी ताब्यात घ्यायला जाताना हाराबरोबर मल्टिमीटर असलेला एखादा माणूसही सोबत न्यावा. गाडी बंद असताना किती व्होल्ट, चालू असताना किती, बॅटरीची तारीख कोणती, हे तिघांसमोर पाहून डिलिव्हरीच्या कागदावर लिहून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. आठव्या दिवशी दारात 'टिक टिक' वाजले, तर बोलायला हातात कागद असतो.